आयटीआयवरचा तो मेसेज

दहावीचा निकाल लागला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘आयटीआय म्हणजे दोन वर्षं वाया. काम हाताखाली राहूनच येतं. आणि शिकून तरी काय, मराठवाड्यात कंपन्या कुठंयत?’

शेवटचं आधी घेतो, कारण ते सरळ चूक आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. शेंद्र्यात स्कोडा आहे, जालन्यात सळईच्या रोलिंग मिल आहेत. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यातून पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला. हिंगोलीच्या पोराला घर सोडावं लागतं, हे खरं. पण उसतोडीला जाणाऱ्या बीडला घर सोडण्याचं काय नवल?

‘हाताखाली येतं’ यात अर्धं तथ्य आहे. गॅरेजात वाढलेलं पोरगं नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतं. त्याच्यापुढं ड्रॉइंग ठेवा, ‘२५ मिमी, अधिक-उणे ०.०५’, आणि हातात बारीक माप घ्यायचं व्हर्निअर द्या; तिथं गाडी अडते. माप वाचता आलं नाही की बनवलेला नग रिजेक्ट. उस्ताद ‘कसं’ दाखवतो, ‘का’ सांगायला त्याला वेळ नसतो. अर्थिंग कशासाठी, हे वायरमनच्या हाताखालचं पोरगं कधी कधी झटका बसल्यावरच शिकतं.

शिवाय आयटीआयवाल्यालाही पुढं कंपनीत हाताखाली शिकता येतं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार विद्यावेतन देऊन घ्यावेच लागतात. म्हणजे आयटीआय की हाताखाली, हा वादच खोटा.

दोन वर्षं? वेल्डरला एकच लागतं. फिटर, इलेक्ट्रिशियनला दोन, आणि त्यानंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट उघडी असते. (त्याच ग्रुपवर एमपीएससीचं पाचवं वर्ष चाललेल्याला कुणी ‘वाया’ म्हणत नाही.)

विचारायचं ते मात्र मेसेजवाल्यानं विचारलंच नाही. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूम या सरकारी प्रशिक्षण केंद्रात पोरं चालत्या मशीनवर हात बसवतात. तालुक्याच्या आयटीआयमध्ये काय आहे? शिकवणाऱ्या निदेशकाची जागा भरलेली आहे का? एका लेथ मशीनवर किती पोरं? तेव्हा प्रवेशाचे पर्याय भरण्याआधी एकदा शेडमध्ये डोकावा आणि मशीनवर ऑइल आहे की धूळ, तेवढं बघून या.