रिसर्च पेपर छापला म्हणजे सिद्ध झालं असं नसतं
एका लेखात म्हटलंय की रिसर्च पेपर आला म्हणजे औषध सिद्ध झालं, हे मला अजिबात पटलं नाही. आमच्या गोव्याचंच घ्या ना, मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडसाठी आयव्हरमेक्टिन (जंतांवरचं औषध) द्यायचं सरकारने जाहीर केलं, आणि डब्ल्यूएचओने तर मार्चमध्येच सांगितलेलं की कोविडसाठी हे फक्त ट्रायलमध्येच वापरा. तेव्हा हे औषध कोविडवर चालतं म्हणणाऱ्या ज्या इजिप्तच्या अभ्यासाचा बोलबाला होता तो नुसता प्रीप्रिंट, तज्ज्ञांनी तपासलेलाच नव्हता, आणि एका विद्यार्थ्याने मूळ डेटा उघडून बघितला तर काही पेशंट अभ्यास सुरू व्हायच्या आधीच वारलेले, काही नोंदी चक्क कॉपी केलेल्या!! जुलैत तो मागे घेतला. पुढे ब्राझीलमध्ये याच औषधाची १३५८ पेशंटवर नीट ट्रायल झाली, २०२२ मध्ये निकाल छापून आला, हॉस्पिटलात भरती व्हायच्या प्रमाणात फारसा फरक नाही. म्हणून कोणी रिसर्च आहे म्हणालं की मी आधी बघतो, दुसऱ्या कोणी तोच प्रयोग परत केला का, किती लोकांवर, आणि कच्चा डेटा बघायला मिळतो का. फॉरवर्ड वाचून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गोळ्या देणाऱ्यांनी तरी एवढं विचाराच प्लीज, आणि लेखकाने मूळ पेपरची लिंक द्यायलाच हवी होती