बोल्ट संपले, पण सिस्टीम म्हणते भरपूर आहेत

काल रात्री पावणेबाराला वाळूजच्या कंपनीतून बाहेर पडलो. कामगार चौकातली चहाची टपरीसुद्धा बंद झालेली. आणि थांबलो होतो कशासाठी? तर तयार माल तयार आहे, हे कॉम्प्युटरमधल्या स्टॉक-ऑर्डरींच्या सिस्टीमला पटवून द्यायला!

४०० ब्रॅकेट बनून, मोजून, ट्रॉलीत भरून ठेवलेले. चाकणचा ट्रक गेटवर, ड्रायव्हर दर दहा मिनिटाला फोन करून आईबहीण काढतोय. मी ऑर्डर कन्फर्म करायला, म्हणजे माल बनला अशी नोंद करायला गेलो की स्क्रीन लाल. कन्फर्म करताना सिस्टीम लागलेले बोल्ट स्टॉकमधून वजा करते. म्हणे बोल्ट नाहीत. कन्फर्म नाही तर तयार मालाचा स्टॉक नाही, स्टॉक नाही तर इन्व्हॉइस नाही, इन्व्हॉइस नाही तर ट्रक हलत नाही.

स्टोअरवाले मामा म्हणाले, "सर, बोल्ट लावूनच तर ब्रॅकेट तयार झालेत, आता कुठले बोल्ट मागायलंय हे?"

मागतंय २५ एमएमचे. ते आम्ही वापरणं बंद केलंय, आता ३० एमएमचे लागतात. डिझाइनवाल्यांनी सोमवारी बीओएम, म्हणजे एका नगाला काय काय लागतं त्याची यादी, बदललं. पण ही ऑर्डर शनिवारीच रिलीज झाली होती, आणि रिलीज झालेली ऑर्डर तेव्हाच्या बीओएमची नक्कल पोटात घेऊन फिरते. पत्रिका छापून वाटल्यावर मुहूर्त बदलला, तर पत्रिकेवर जुनीच वेळ राहणार ना? तसंच. ऑर्डरमधला बोल्ट बदलता येतो, दोन मिनिटांचं काम. पण तो अधिकार माझ्या लॉगिनला नाही. पुण्याच्या सपोर्टला फोन केला तर पोरगं म्हणतं, "सर, तिकीट टाका, उद्या बघतो. बाकी हा युजर ट्रेनिंगचा इश्यू आहे." ट्रेनिंग! दोन दिवस एसीत बसवून स्लाइड दाखवल्या आणि पनीरची भाजी खाऊ घातली, त्याला ट्रेनिंग म्हणायचं.

आता जुन्या ऑर्डरींचं सांगतो, कारण खरा संताप तिथंच आहे. दिवाळीच्या आधीची एक ऑर्डर, १२०० नगांची. ११४० चांगले निघाले, ६० भंगारात. पण रिजेक्शन टाकलं की शिफ्टचा आकडा बिघडतो, मग सुपरवायझर टाकेल कशाला? ऑर्डर तशीच उघडी. रोज रात्री एमआरपी, म्हणजे काय बनवायचं आणि काय मागवायचं हे काढणारा सिस्टीमचा हिशेब, चालतं आणि समजतं की हे ६० नग येणारच आहेत. अशा डझनभर ऑर्डरी धरा. रेशनकार्डावर मेलेल्या आजोबांचं नाव ठेवून धान्य उचलावं, तसा हा हिशेब. फक्त इथं धान्य कागदावरच येतं. त्या हवेतल्या नगांवर भरवसा ठेवून सिस्टीम कॉइलची, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीची, मागणीच काढत नाही. मग एके दिवशी प्रेस थांबते आणि साहेब विचारतात, "प्लॅनिंग काय करत होतं?"

झोपलं होतं साहेब, प्लॅनिंग झोपलं होतं!

सॉफ्टवेअरचं गणित चुकत नाही हो. जे टाइप केलं तेच खरं धरतं, एवढंच. पण टाइप करणार कोण? बावीस वर्षं प्रेस चालवणाऱ्या माणसानं तेलकट बोटांनी आठ आकडी ऑर्डर नंबर मारायचा? बारकोडचा कागद दिला होता. कूलंटनं भिजला, स्कॅन होईना. आणि एवढा खर्च करून सकाळी नऊच्या मीटिंगला मागतात काय, तर माझी एक्सेल! "तुझ्या शीटमधला आकडा सांग, सिस्टीमचा नको." मग ते सॉफ्टवेअर गणपतीत आरास म्हणून मांडा की.

तर रात्री काय केलं? जे सगळे करतात तेच. मॅनेजरला फोनवर विचारून २५ एमएमचे १६०० बोल्ट स्टॉकमध्ये खोटेच चढवले. ऑर्डरनं ते खाल्ले, स्क्रीन हिरवी झाली, ट्रक नगर रोडला लागला.

आज सकाळी मेसेज बघितला. रात्रीच्या रनमध्ये एमआरपीला ३० एमएमचे १६०० बोल्ट शिल्लक दिसले, जे काल चाकणला गेले. म्हणून सांगतंय, उद्या येणारी बोल्टची खरेदी रद्द करा. परचेसवाल्या पोरानं केलीसुद्धा.

मामा रिकामा बिन घेऊन माझ्या टेबलासमोर उभे आहेत.