शिपायाच्या नावावर घर

काल दुपारी माझ्याच लॅपटॉपनं मला सात वेळा दारातून परत पाठवलं. पासवर्ड बरोबर होता. चुकला असता तर तसं तोंडावर सांगितलं तरी असतं. इथे पासवर्ड घ्यायचा, पडदा क्षणभर काळा करायचा आणि पुन्हा कोऱ्या चेहऱ्यानं विचारायचं, पासवर्ड?

विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले, म्हणून भाच्यानं दिवाळीत त्याच्या जागी झुबंटू, म्हणजे उबंटूच्या घराण्यातलं लिनक्स, टाकून दिलं आणि तो पुण्याला पळाला. मला फक्त लॉगिनच्या पडद्यावर लळिंगच्या किल्ल्याचा फोटो हवा होता. श्रावणात मी स्वतः काढलेला. धुळ्यात हिरवं बघायला मिळतं ते तेवढंच. लॉगिन सांभाळणाऱ्या लाइटडीएमच्या ग्रीटरची, म्हणजे पासवर्ड विचारणाऱ्या पडद्याची, फाइल उघडली, बॅकग्राउंडच्या ओळीत फोटोचा पत्ता लिहिला, लॉगआउट केलं. किल्ल्याचा पत्ता नाही!

तेवढ्यात शेजारचे आप्पा आले. आप्पा एका सरकारी कचेरीत साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून रिटायर झालेले. नोव्हेंबर असल्यामुळे हातात पेन्शनची पिशवी. आल्या आल्या पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हाऊ कोन शे?"

मी म्हटलं, "लॉगिन मॅनेजर. कोण आलं ते विचारतो, खात्री करतो, मग आत सोडतो."

"मंग शिपाई म्हन ना! मॅनेजर काय?"

आणि खुर्ची ओढून ते त्याच्याकडे असे बघत बसले, जणू खात्यातला माणूस भेटला. चहा झाला. जुने साहेब झाले, साहेबाच्या बायकोनं आणायला लावलेली भरिताची वांगी झाली, चिठ्ठी आत नेताना ती आधी स्वतः कशी वाचायची तेही झालं. मी आपला फाइलमधला स्वल्पविराम शोधतोय.

"फोटो कोठे शे?"

"माझ्या होम फोल्डरमध्ये."

"म्हंजे तुना घरमा. शिपाईले घरमा येऊ देस का?"

मी गप्प. कारण नेमकं तेच होतं. ग्रीटर 'लाइटडीएम' नावाच्या वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावानं चालतो, आणि उबंटूनं 21.04 पासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर परक्यांना बंद केलंय. बिचारा फोटोपर्यंत पोचणारच कसा? मी दोन तास डोकं फोडलं ते, यंत्रातलं काडीचंही न कळणाऱ्या या माणसाला दोन मिनिटांत दिसलं.

"ओटावर ठेव ना भो फोटो!"

इथे ऐकायला हवं होतं. पण चतुर्थ श्रेणीतून रिटायर झालेल्या माणसानं मला लिनक्स शिकवावं? मी टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून मालकी बदलणाऱ्या एका चाऊन कमांडनं अख्खं होम फोल्डर लाइटडीएमच्या मालकीचं करून टाकलं. जा, बघ म्हटलं फोटो. मशीन रीस्टार्ट केलं. किल्ला झळकला! हिरवागार, ढगांसकट. पासवर्ड टाकला आणि मी बाहेर. पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. माझ्या घरात मलाच काही लिहायची सोय उरली नव्हती.

आप्पा पोट धरून हसले. "तू ते सातबाराच त्याना नावे करी टाका!"

शेवटी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर गेलो ("मांगना दार," आप्पा), मालकी परत माझ्या नावावर केली आणि फोटो यूएसआर, शेअर, बॅकग्राउंड्स या सगळ्यांना मोकळ्या फोल्डरात ठेवला. म्हणजे ओट्यावरच. आप्पांनी "मी सांगं व्हतं" एकदाही म्हटलं नाही, त्याचा जास्त राग आला.

मग पिशवीतून हयातीच्या दाखल्याचा कागद निघाला. खिडकीवर दोन खेपा झाल्यात. अंगठा उमटत नाही. उमर आणि उन्हाळे यांनी रेषाच घासल्यात. तिथला पोरगा मान वर न करता म्हणतो, "मॅच होत नाही, उद्या या." तीस-बत्तीस वर्षं जो माणूस लोकांना आत सोडत होता, त्याला आत कोण घेत नाही? यंत्र. आणि यंत्रामागे बसलेला, ज्याला समोर जिवंत माणूस दिसतोय.

"मी जित्ता शे ना भो?" आप्पांनी मला विचारलं. गमतीनं नाही.

मी मोबाइलवर चेहऱ्यानं दाखला देणारं ॲप लावलं. फोन म्हणाला, डोळे मिचकवा. आप्पांनी मिचकवले. पुन्हा मिचकवा. आप्पांनी टोपी काढली, चेहरा पुसला आणि लॅपटॉपवरच्या शिपायाकडे बघून म्हणाले, "याले सांग ना, साहेबले चिठ्ठी दे म्हना."