परतीची गाडी किती वाजता?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तेच भांडण पेटलं. मुंबई-मडगाव वंदे भारतला चिपळूणला थांबा द्यायचा की नाही. चिपळूणचा आतेभाऊ म्हणतो, खेडला थांबते, रत्नागिरीला थांबते, मधल्या चिपळूणनेच काय घोडं मारलंय? ठाण्याचे काका म्हणतात, "आज चिपळूण, उद्या सावर्डे, परवा संगमेश्वर. मग तिला वंदे भारत कशाला म्हणता, पॅसेंजर म्हणा." रात्री अकरापर्यंत हे चाललं. मी मध्ये तोंड घातलं आणि लिहिलं की थांब्यावरून कसले भांडताय, परतीची गाडी किती वाजता आहे ते बघा. काकांचं उत्तर आलं, "तुझ्या चॉकलेटच्या देशातलं इथे नको." खाली दोन हात जोडलेले.

मुद्दा चुकला असता तर गप्प बसलो असतो. तो बरोबर होता, म्हणून जास्त झोंबलं.

मी स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरला राहतो. महिन्यातून दोन शनिवार तरी सकाळी निघून रात्री घरी, अशी आमची एक फेरी होते. कधी शाफहाउझेन, कधी आपेनत्सेल. परवाच्या शनिवारी बेलिंझोना. त्सुरिखला गाडी बदलली, गॉटहार्डच्या बोगद्यात मुलाने अर्धं सँडविच संपवलं, बाहेर पडलो तर पाट्या इटालियनमध्ये आणि ऊन वेगळंच. शनिवारचा बाजार, एक किल्ला, पोलेंटा, आइस्क्रीम. अशी फेरी आखताना मी सकाळपासून सुरुवात करत नाही. रात्री कितीला घरी पोचायचंय ते ठरवतो आणि तिथून मागे मोजत येतो. खरं तर मोजायचंही कारण नसतं, कारण गाडी दर तासाला आहे. किल्ल्यावर रेंगाळलो, एक गाडी गेली, तर पुढची आहेच.

हे आपोआप झालेलं नाही. 1982 साली या लोकांनी देशभर एकच शिस्त लावली. गाडी दर तासाला, आणि प्रत्येक तासाच्या त्याच मिनिटाला. मग 1987 मध्ये जनमत घेतलं आणि पुढची बांधणी ठरवली. मोठ्या स्टेशनांवर चारही दिशांच्या गाड्या तास भरायच्या जरा आधी यायच्या, एकमेकींची माणसं घ्यायच्या आणि तास उलटला की सुटायच्या. त्यासाठी त्सुरिख ते बर्न हे अंतर एका तासाच्या आत बसणं भाग होतं, म्हणून 2004 मध्ये नवा मार्ग सुरू केला आणि प्रवास 56 मिनिटांवर आणला. आणखी वेगाची हौस कोणाला नव्हती. गाडी जोडीच्या गाडीला भेटेल एवढाच वेग हवा होता. काकांना हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती, पण त्यांना वंदे भारतचा आतला व्हिडिओ टाकायची घाई होती.

आता आपल्याकडचं बघा. पावसाळा सोडून इतर दिवसांत वंदे भारत पहाटे साडेपाचच्या आत मुंबईहून निघते आणि साडेआठच्या आत खेडला येते. मडगावहून परतताना संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा खेडला, आणि रात्री साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला. म्हणजे मुंबईच्या माणसाला खेडमध्ये दहा तास मिळतात. आंब्याच्या बागेचा व्यवहार करा, गावदेवीला नारळ ठेवा, मासे खा, झोपायला घरी. उलट खेडच्या माणसाने तीच गाडी पकडली तर तो मुंबईला पोचतो रात्री, जेव्हा सगळं बंद. जनशताब्दीचंही तेच, पहाटे मुंबईहून खाली आणि रात्री परत मुंबईला. त्याच दिवशी जाऊन यायची सोय आहे, पण ती मुंबईकराच्या बाजूने. उद्या चिपळूणला थांबा मिळाला तरी माझ्या आतेभावाला त्या गाडीने मुंबईला जाऊन येता येणार नाही. काकांना मात्र चिपळूणला येऊन जाता येईल, आणि विरोध काकाच करतायत! हे मी ग्रुपवर लिहिलं. कोणी वाचलं नसावं, कारण लगेच खाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला.

मग चिपळूणचा माणूस काय करतो? रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत जायची. दुपारी पोचायची आणि त्याच दुपारी परत निघायची, म्हणजे कामाला वेळ शून्य, पण निदान दादर तरी होतं. कोविडनंतर तीही ठाण्याअलीकडच्या दिवा स्टेशनातच संपते. तिथे बोचकी घेऊन लोकलच्या गर्दीत शिरायचं. म्हणून शहाणी माणसं रात्र पकडतात. मध्यरात्रीच्या आसपास वालोप्याला, म्हणजे चिपळूणच्या स्टेशनवर जायचं, तुतारी किंवा कोकणकन्या एक्सप्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर काम, रात्री पुन्हा तीच गाडी आणि पहाटेच्या अंधारात वालोप्याला रिक्षा शोधायची. एक दिवस मुंबईत, त्यासाठी दोन रात्री गाडीत. सरकारी कागद असो, डॉक्टर असो की साखरपुड्याची खरेदी, हेच वेळापत्रक. रस्त्याने जा म्हणणाऱ्यांनी 2011 पासून रुंद होत असलेला महामार्ग एकदा परशुराम घाटात बघावा.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. ऑफिसात मी नेमका उलटा बोलतो. एकदा जेवताना एका सहकाऱ्याने गॉटहार्डचं कौतुक लावलं, 57 किलोमीटर, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. मी लगेच कोकण रेल्वे काढली. 741 किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, सह्याद्रीचा पाऊस, लाल माती अंगावर येते, आणि तरी 1990 मध्ये हात घातलेलं काम 1998 मध्ये पुरं. तुमचा एक बोगदा बांधायला सतरा वर्षं! दंडवते, फर्नांडिस, श्रीधरन ही कोकण रेल्वे उभी करणाऱ्यांची नावं त्याला पाठ करायला लावायचीच बाकी होती. त्याने शांतपणे विचारलं, "मग तिथे दर तासाला गाडी आहे?" मी म्हटलं, बराचसा मार्ग एकेरी आहे. मग दोघांनी कॉफी घेतली.

काकांनाही मी सगळं सांगितलेलं नाही. इथल्या जलद गाड्यासुद्धा लहान गावांना थांबत नाहीत. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याच गॉटहार्डमध्ये मालगाडी घसरली आणि बोगदा पूर्ण सुरू व्हायला वर्षाहून जास्त लागलं, तोवर आम्ही डोंगरावरच्या जुन्या रेल्वेमार्गाने वळसे घेत गेलो. मुलाला वास्सेनचं चर्च तीनदा दिसलं म्हणून तो खूश होता. आणि तिकिटाचे रुपये करून बघायची सवय मी हाल्बटॅक्स, म्हणजे अर्ध्या तिकिटाचं कार्ड, घेतल्या दिवशी सोडली. हे लिहिलं असतं तर काकांना आयतं कोलीत मिळालं असतं.

पण आतेभावाला चॉकलेटच्या देशाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी मला वेगळा मेसेज केला. "मामीला दोन महिन्यांनी डोळे दाखवायला दादरला न्यायचंय. मी जातो बरोबर. रात्रीच्याच गाडीने." बस, एवढंच. थांब्यावरून तो रात्री अकरापर्यंत का भांडत होता ते मला तेव्हा कळलं. सत्तरी उलटलेली बाई दोन रात्री बर्थवर बसून काढते, आणि तिच्या शेजारी जो जागा असतो तो मी नसतो. निदान दिवसाउजेडी आणखी एखादी गाडी असावी, एवढंच त्याला हवं होतं. मी त्याला वेळापत्रकाचं शास्त्र शिकवत बसलो होतो. सात मिनिटांत गाडी बदलायचं माझं कौतुक सगळ्या विंटरटूरला आहे. आईला शेवटचं गाडीत बसवलं ते कधी, हे मला आठवावं लागलं.

मी त्याला लिहिलं, तिकिटं मी काढतो. साठ दिवस आधी, तिकडे सकाळी आठला बुकिंग उघडतं. आमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार. गजर लावून उठलो, स्वयंपाकघरात दिवा न लावता बसलो. जायची कोकणकन्या, यायची कोकणकन्या, दोन्हीकडे एक लोअर बर्थ. पहिल्यांदा पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा पैसे गेले आणि तिकीट आलं नाही. तिसऱ्यांदा वेटिंग दिसायला लागलं.

पावणेपाचला फोन वाजला. आतेभाऊ. "काढली रे दोन्हीकडची. लोअर मिळाली मामीला. तू झोप आता."