मुलाला खेळाडू करायचंय? आधी फाईल आणा

खेळामुळे मुलांचं चारित्र्य घडतं, यावर आता कोणी वाद घालू नये. दरवर्षी २९ ऑगस्टला, मेजर ध्यानचंदांच्या जयंतीला, हे आपल्याला माइकवरून सांगतात. आता १५ जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जयंतीला, राज्य क्रीडा दिन म्हणून पुन्हा सांगतात. वर्षातून दोनदा सांगितलेली गोष्ट खोटी कशी असेल? अडचण एवढीच की चारित्र्य घडवायचं नेमकं कसं, हे माइकवरचे पाहुणे सांगत नाहीत. त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं. म्हणून कोकणातल्या पालकांसाठी हा प्रपंच.

सर्वांत आधी बाजारात जा आणि एक जाड फाईल आणा. प्लास्टिकचे कप्पे असलेली. बुटांचं नंतर बघू. खेळाडू घडतो तो प्रमाणपत्रांनी, आणि प्रमाणपत्र पावसात भिजलं तर सगळी मेहनत पाण्यात.

मग खेळ निवडा. इथेच भोळेभाबडे पालक चुकतात. मुलाला कबड्डी आवडते म्हणून ते त्याला कबड्डीत घालतात. अहो, रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत वाडीवाडीत कबड्डीची मंडळं! तिथे समोर खरोखरच पोरं उभी असतात, आणि ती पकडतात. ढोपर फुटतं, ओठ सुजतो, आणि एवढं करून तालुक्यालाच बाहेर. त्यापेक्षा शालेय स्पर्धांची यादी मागवा. चांगली लांब असते. डॉजबॉल आहे, शूटिंगबॉल आहे, टेनिक्वाइट आहे. ज्या खेळाचं नाव उच्चारताना तुमच्या तालुक्यात दोन माणसं अडखळतील, तो तुमचा. समोर संघच आला नाही की पंच कागदावर ‘पुढे चाल’ लिहितात. घाम न गाळता पोरगं जिल्ह्याला, नशीब जोरावर असेल तर कोल्हापूर विभागाला. दहावीला वाढीव क्रीडागुण आहेतच, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. जिद्द, चिकाटी, संघभावना हे सगळं ‘पुढे चाल’ या दोन शब्दांत आलं.

सराव कधी करायचा, असं एखादा पालक विचारतो. शाळेच्या वेळापत्रकात पी.टी.चा तास असतो तो बघा. तो गणिताच्या सरांकडे आहे. कोकणाचं स्वतंत्र विभागीय मंडळ झालं तेव्हापासून दहावीच्या निकालात आपण राज्यात पहिले, ते काय मुलांना मैदानावर सोडून? पी.टी.च्या सरांनाही या त्यागात सामील करून घेतात. ते निवडणुकीच्या याद्या करतात, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवतात आणि उरलेल्या वेळात घंटा देतात. खेळ शिकवायचा राहतो, पण कुठे काही अडतं का? पोरं संध्याकाळी वाडीतल्या मोठ्या मुलांबरोबर खेळून शिकतातच. सह्या मात्र सरांच्याच लागतात.

आता स्पर्धा. बहुतेक तालुका स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात उरकतात. वेळापत्रक अख्ख्या राज्याचं; विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा मैदानं बरी असतील. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला बराचसा तालुका कबड्डीच्या दिवशीच पडतो. तेरा बाय दहा मीटरचं मैदान सकाळी आखतात, फक्की मारतात, नारळ वाढवतात, आणि पहिल्या चढाईच्या आत फक्की तांबड्या पाण्यातून गटाराला लागते. त्यानंतर मध्यरेषा कुठे होती हे ठरवायची आपली एक पद्धत आहे: ज्या शाळेची माणसं जास्त मोठ्याने सांगतील, तिथे. मुलं हे बघत असतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकशाही इतकी सोपी करून सांगितलेली नाही.

उद्घाटनाला मुलांना सकाळी आठला उभं करा. पाहुणे अकराला येतील. भिजलेल्या गणवेशात तीन तास उभं राहून जो संयम अंगी येतो, तो खेळून येत नाही. शिवाय खुर्च्या लावायला, सतरंज्या उचलायला, पाहुण्यांना चहा द्यायला संघातलीच पोरं कामाला येतात. राखीव खेळाडू कशाला म्हणतात ते तेव्हा कळतं.

तुमचं स्वतःचं स्थान मैदानाच्या कडेला. नुसतं बघत बसू नका. “अरे धर मेल्या त्येका!” हे पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा. पंचांच्या आईवडिलांची चौकशी दुसऱ्या मिनिटाला. वयोगटाकडेही बारीक लक्ष असू द्या. चौदा वर्षांखालच्या सामन्यात समोरच्या संघातला एखादा पोरगा आदल्या रात्री मिशी काढून आलेला दिसला तर ताबडतोब तक्रार करा. आपल्या संघातला दिसला तर त्याची उंची मामाकडून आली आहे असं सांगा.

मुलगी असेल तर तुमचं काम फार हलकं आहे. नववीपर्यंत खेळू द्या, बक्षीस आणलं की ग्रामपंचायतीसमोर फोटो काढा, दहावी लागली की बंद करा. बारा बाय आठच्या मैदानात सात जणींना चुकवून परत येणारी पोर पुढे हळदीकुंकवाला संगीत खुर्चीत पहिली येते. कौशल्य वाया जात नाही.

हे सगळं नीट पाळूनही कधीकधी घात होतो. त्याबद्दल सावध करणं माझं कर्तव्य आहे. सामना शेवटच्या मिनिटात आलेला, गुण बरोबरीत. समोरचा चढाईवाला आत येतो, हात फिरवतो आणि परत पळतो. पाऊस इतका की पंचाला काही दिसलेलं नाही. “लागला, लागला!” एका बाजूने. “नाय लागला!” आपल्या बाजूने, सरांसकट. आणि आपल्याच कोपऱ्यातलं एक काळंसावळं, बारकं पोरगं हात वर करतं आणि कोणी न विचारता मैदानाबाहेर जाऊन बसतं. हात लागला होता म्हणे. एका गुणाने सामना गेला.

अशी केस तुमच्या घरात निघाली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. हे कोणी शिकवलं याची आधी चौकशी करा. शाळेत शिकवलेलं नसणार, तेव्हा शाळेला दोष देऊ नका. बहुतेक वेळा आजीकडे धागा लागतो. परतीच्या एस्टीत संघातली पोरं त्याच्याशी बोलणार नाहीत, सर खिडकीबाहेर बघतील. ते योग्यच आहे, त्यात पडू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ घाला, पेज द्या, आणि प्रेमाने समजवा की पंच कशाला असतात. दोनतीनदा समजावूनही पोरगं हात वर करायचं थांबत नसेल तर पुढच्या वर्षी त्याचं नाव कबड्डीतून काढा आणि टेनिक्वाइटला घाला. तिथे खरंखोटं करायला समोर कोणी येतच नाही.