पहाडगंज सरसकट वाईट नाही

लेखात ‘एकट्या बाईने दिल्लीत पहाडगंज टाळावं’ असं सरसकट लिहिलंय, ते पटलं नाही. पहाडगंज म्हणजे नवी दिल्ली रेल्वे स्टेशनजवळचा हॉटेलांचा भाग. अहो, मराठी माणसांची उतरायची सोय असलेलं आपलं बृहन्महाराष्ट्र भवन पहाडगंजातच आहे! मी आईला घेऊन त्याच भागात राहिले. मुख्य बाजारातल्या आतल्या गल्ल्या मात्र रात्री नकोशा वाटतात, हे खरं. माझं बघणं एवढंच: रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रोपासून हॉटेलपर्यंतचा रस्ता रात्री दहाला वाहता असतो का? आणि स्टेशनबाहेर कुणी ‘मॅडम, वो होटल तो बंद हो गया’ म्हणालं, की थांबायचंच नाही, सरळ हॉटेलला फोन लावायचा. आम्हाला दोघांनी गाठलं होतं. हॉटेल चांगलं उघडं होतं, वर गरम पाणीही होतं.