तंबू बुक करण्याआधी तिथी बघा

भाऊबीज उरकली की आमच्या लातुरातली अर्धी गल्ली कोकणाच्या वाटेला लागते. यंदा त्यात ग्लॅम्पिंगचं नवं खूळ शिरलंय. म्हणजे तंबूच, पण आत डबल बेड, गादी, पंखा नाहीतर एसी, मागं फरशीचं संडास-बाथरूम आणि दारात दिव्यांच्या माळा. मला ही कल्पना वाईट वाटत नाही. सतरंजीवर झोपायचं वय आणि गुडघे दोन्ही गेलेल्यांना कापडाच्या भिंतीतून लाटा ऐकायला मिळत असतील तर मिळू देत की! माझं भांडण आहे ते जागा निवडायच्या रीतीशी. आमच्या घरच्या ग्रुपवर रोज एक फोटो पडतो. वाळूत तंबू, समोर समुद्र आणि खाली "हेच फायनल करा". तंबू पाण्याला जितका खेटून तितका भारी, असा सगळ्यांचा हिशोब. मी म्हणते, समुद्रासमोरचा सोडा, खाडीकाठचा घ्या.

आपलं पाणी धरणातलं. ते वर्षातून एकदा चढतं, तेही नशीब असेल तर, आणि मग उन्हाळ्यापर्यंत उतरतच जातं. तिकडचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते. ही वेळ काढायला ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतं, पण तंबू कुठं नको एवढं कळायला तेवढं बास. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता हे दिवाळीला लावून बघा. लक्ष्मीपूजन अमावस्येचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि त्याचा जोर पुढचे एक-दोन दिवस टिकतो. भाऊबीज द्वितीयेची. म्हणजे ओवाळणी घेऊन गाडीला किल्ली मारणारा माणूस बरोबर उधाणात जाऊन पोचतो. मोठी भरती, मोठी ओहोटी, पाण्याला ओढ. पाच-सहा दिवस थांबून सप्तमी-अष्टमीला गेलं तर पाणी शहाण्यासारखं वागतं, त्याला तिकडं भांगाची भरती म्हणतात. पण आपल्याला साहेबाची रजा बघायची असते, तिथी कोण बघतंय!

पुतण्याचं वेगळंच. "काकू, कोजागिरीलाच जाऊ, चांदण्यात वाळूवर बसून दूध पिऊ." अरे बाळा, कोजागिरीला बाराच्या ठोक्याला भरती पूर्ण असते. ज्या वाळूवर तू बसणार ती पाण्याखाली असेल. बसायचंच असेल तर वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांजवळ. शिवाय वाळूत तंबूची खुंटी धरत नाही, आणि दुपारनंतर समुद्राकडून येणारं वारं कापडाला सोडत नाही.

म्हणून खाडी. तिथंही भरती-ओहोटी आहेच, पण लाट नाही, आणि वाऱ्याला डोंगर-झाडांचा आडोसा. मालवणजवळ देवबागला जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. गावाच्या समुद्राकडच्या बाजूला उधाणाची धूप किती हे स्थानिकांना विचारा. नदीकडच्या बाजूला मुक्काम करून समुद्रावर चालत जाता येत असेल तर समुद्रासमोरच्या खोलीचे जादा पैसे कशाला द्यायचे? वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, दाखवतात. चिपळूणकडं वाशिष्ठीत मगरी आहेत. त्या होडीतूनच बघायच्या, पाय सोडून नाही.

होडीची वेळही भरतीवरच ठरवायची. कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी होडी, घेऊन भरतीबरोबर खाडीत आत जायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं, म्हणजे दंड दुखत नाहीत. उलटं केलंत तर ओहोटीला काठावर गुडघाभर चिखल लागतो, आणि जाहिरातीतल्या फोटोत तो कधीच नसतो. आणखी एक मजा म्हणजे जंगलजेटी. दाभोळ–धोपावे, वेशवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी अशा फेऱ्यांमध्ये आख्खी गाडी बोटीत चढते आणि खाडीचा मोठा वळसा वाचतो. आमच्याकडच्या लेकरांना समुद्रापेक्षा याचंच अप्रूप जास्त.

"एवढं पाणीच बघायचं तर पैठणला का नको?" हे आमच्या भाऊजींचं. नाथसागर मलाही प्रिय आहे, २७ दरवाज्यांपाशी उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. पण ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन दिवसा जावं, पाखरं बघावीत आणि निघावं. काठावर स्पीकर आणि माळा लावून तंबू ठोकायची ती जागा नाही.

या माळांवरून आठवलं. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेनं चालतात, म्हणजे एरवी समुद्राकडं. मागं तंबूंची रोषणाई असली की ती उलटी फिरतात. त्यामुळं बुकिंग करताना मी विचारतेच, रात्री बाहेरचे दिवे बंद करता का. दुसरा प्रश्न, तंबू कांदळवनापासून किती अंतरावर? ५० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे. समोरचा "मॅडम, काही प्रॉब्लेम नाही" एवढंच म्हणाला तर मी फोन ठेवते.

आणि बाथटब. काही ठिकाणी तंबूत बाथटब आहे, त्याचा वेगळा भाव आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावच्या माणसानं तरी हा प्रश्न गिळू नये की हे पाणी येतं कुठून. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात तिथल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. उतारावरून सगळं समुद्रात जातं, जांभ्यात टिकत नाही. आपण घागरीचा हिशोब जाणणारी माणसं. वाडीच्या विहिरीवरचं पाणी टबात भरून त्यात फोटो काढणं मला जमणार नाही, आणि तुम्हाला जमलं तर मी थोडी नाराज होईन, एवढंच.

रस्त्याचं फार सांगत नाही. नांदेड-लातूरकरांना तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर सरळ आहे, पुढं रत्नागिरीसाठी आंबा घाट, मालवणसाठी गगनबावडा नाहीतर फोंडा. घाट रात्री उतरू नका. पोचायच्या दिवशी काहीच ठरवू नका, सगळे झोपणार. जायचं तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. दिवाळीत तिकडं घाम असतो, आपल्या कोरड्या हवेतल्या माणसाला तो सोसत नाही, आणि कापडी तंबूत एसीचा गारवा फार टिकत नाही.

आमचं जवळपास ठरलंय, मार्गशीर्षातली अष्टमी, कर्लीच्या काठी. अडलंय ते जेवणावर. सासूबाई माळकरी, आणि तंबूवाल्याच्या मेनूत शाकाहारी म्हणजे पनीर, नुसतं पनीर. कोकणात घावणे आहेत, काळ्या वाटाण्याचं सांबार आहे, सोलकढी आहे, मग हे पनीर कुणासाठी? शेजारच्या घरी घरगुती जेवण मिळतं म्हणतात, उद्या तिथं फोन करणार आहे. नाहीच जमलं तर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दोन दिवसांपुरती बांधून घेतलेली बरी. कुणाला देवबागात चांगलं शाकाहारी जेवण देणारं घर ठाऊक असेल तर खाली लिहा.